चार मार्कांचं मरण

आप्पांच्या कॉटवर झोपायचं नाही, असं आई म्हणाली, म्हणून मी आप्पांच्या कॉटवर झोपलीय.

दुपार आहे. जेवणं झालीत, लाइट गेलीय, सांगलीतला मे महिना भिंतीतनं आत येतोय. पप्पा ट्रक घेऊन हुबळीला गेलेत. स्वयंपाकघरात आई उद्यासाठी रवा भाजतीय, झाऱ्याचा आवाज येतोय. उद्या आप्पांचं वर्षश्राद्ध. ते आमच्याकडंच राहायचे, म्हणून विधी आमच्याकडं. मामा पुण्याहून येणार, भटजी येणार, आणि मी कुठल्यातरी कोपऱ्यात गप बसावं अशी सगळ्यांची इच्छा आहे. सकाळपासून आईशी दोनदा भांडण झालंय. एकदा मी बाहेरून दहावीला बसत नाही म्हणून, आणि एकदा मी निवडलेल्या डाळीत खडे निघाले म्हणून. तिला वाटतं मला खडे दिसले नाहीत. मला सगळं दिसतं. ते मी मुद्दाम ठेवले होते.

डोळे मिटायला लागलेत. पंखा बंद आहे, पण पाती हळूहळू फिरतायत. वारा नाही, नुसती फिरतायत. झाऱ्याचा आवाज लांब जातो, परत जवळ येतो. मग कॉट पायाकडनं खाली दबते. कुणीतरी बसलंय.

घसा खाकरल्याचा आवाज येतो. एक खालचा, एक मधला, एक वरचा. माइकसमोर उभं राहायच्या आधी आप्पा असाच घसा साफ करायचे. भाजीवालीशी बोलायच्या आधीसुद्धा.

"जागी आहेस का गं?"

"नाही," मी म्हणते.

"बरं झालं. जागेपणी तू लई उद्धट."

मी मान उचलून बघते. खिशाची बंडी, लेंगा, काळे केलेले केस आणि त्यांच्या मुळाशी पांढरी रेघ. नाकात कापसाचे बोळे आहेत. आप्पा ते एकेक करून काढतात आणि बंडीच्या खिशात ठेवतात.

"कुणी कोंबला हा? आवाज बसतो यानं. एवढं पण कळत नाही लोकांना." मग माझ्याकडं वळतात. "हां. किती?"

ज्यांना आप्पा माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगते, म्हणजे जवळजवळ सगळ्यांसाठीच. बळवंत इंगवले, माझ्या आईचे वडील. एके काळी रेडिओवर नाटकं लागायची, लोक जेवणखाण आवरून ऐकत बसायचे. त्या नाटकांत जो मरायचा, ते आप्पा. भांडणं, प्रेमं, मोठमोठी भाषणं दुसऱ्यांना, आणि मरण आलं की बोलवा इंगवल्यांना. त्यांच्यासारखा जीव सोडणं कुणाला जमायचं नाही, असं सगळे म्हणायचे. निदान आप्पा तसं सांगायचे. शेवटी नावं वाचताना त्यांचं नाव 'आणि इतर'च्या जरा आधी यायचं. कधी कधी 'आणि इतर'मधेच.

पुढं नाटकं कमी झाली, मग आप्पांना बोलावणं बंद झालं. त्यांचं मरणं मात्र बंद झालं नाही. रोज दुपारी जेवण झालं की याच कॉटवर पडून ते रियाज करायचे. गवई सूर लावतात, आप्पा घरघर लावायचे. रोज केलं नाही तर श्वासाला गंज चढतो म्हणायचे. घरात सगळ्यांना सवय झाली होती. नवीन माणूस घाबरायचा, एकदा गॅसवाला सिलिंडर दारात टाकून पळाला होता. रियाज संपला की आप्पा एक डोळा उघडून विचारायचे, "किती?" मग आम्ही दहापैकी मार्क द्यायचे. आई कायम दहा द्यायची, आतनंच, न बघता. मी बघून द्यायचे. मी कधी सातच्या वर गेले नाही, म्हणून त्यांना माझेच लागायचे.

मागच्या वर्षी अशाच एका दुपारी त्यांनी सुरुवात केली. आई स्वयंपाकघरातनं ओरडली, "आप्पा, जरा हळू मरा हो, कुकरच्या शिट्ट्या कळेनात!" मी मोबाइल बघत होते. कान तिकडंच होता. आवाज थांबला. मी जरा वाट बघितली आणि म्हणाले, "चार."

आई चहा घेऊन आली. चहावर साय धरली तरी आप्पा उठले नाहीत.

तेव्हापासून सगळे माझ्याकडं एका ठरावीक नजरेनं बघतात. मामा तर म्हणाला, "एवढी तू हुशार, तुला कळलं कसं नाही?" त्याला पुण्यात बसून सगळं कळतं. मी रडावं, गेला बाजार खाली मान घालावी, अशी सगळ्यांची अपेक्षा आहे. मी घालत नाही. ते चारच होतं.

"किती?" आप्पा परत विचारतात.

"चार."

"अगं वर्ष झालं. फेरतपासणी असते की नाही काही?"

"शाळेत असते. मी शाळा सोडली."

"तेजे, ते खरं होतं!"

"मग खऱ्याला चार."

आप्पा उठून उभे राहतात, पण कॉटवरचा दाब तसाच राहतो. ते येरझाऱ्या घालतात. पाय वाजत नाहीत.

"उद्या काय आहे ठाऊक आहे का तुला?"

"वर्षश्राद्ध. शिरा आहे, वडे आहेत."

"शिरा!" आप्पा म्हणतात. "उद्या माझा पिंड मोडणार. तीन तुकडे करणार. एक माझ्या बापाच्या पिंडात, एक आज्याच्या, एक पणज्याच्या. मळून एक करून टाकणार. वर्षभर मी सुटा होतो, बळवंत इंगवले. उद्यापासून नाव गेलं. उद्यापासून मी 'आणि इतर'. जन्मभर ज्याला भ्यालो तेच." ते वाकून माझ्या तोंडाजवळ तोंड आणतात. कापूस काढल्यावर नाकपुड्या मोठ्या दिसतायत. "त्याच्या आधी मला एकदा ऐकायचंय, शेवटचं काम चांगलं झालं म्हणून. दहा मागत नाही. सात दे. सातावर जातो मी."

"नाही."

"का गं? तुझ्या बापाचं काय जातंय?"

"तुम्ही मला कधी फुकट दिलंत काही?"

त्यांना कळतं मी कशाबद्दल बोलतीय. मी दहा वर्षांची होते, रेडिओवर लहान मुलांचा कार्यक्रम असायचा, मला त्यात बोलायचं होतं. मी पाठ करून त्यांना म्हणून दाखवलं. आप्पांनी डोळे मिटून सगळं ऐकलं आणि आईला हाक मारून म्हणाले, "वैजू, हिला भरतकाम शिकव. पत्र्यावर खडी ओतल्यासारखा आवाज आहे पोरीचा." पाहुणे बसले होते. सगळे हसले.

"ते खरं होतं," आप्पा म्हणतात.

"चार पण खरं आहे."

ते हसतात. माझ्यावर खूश झाले की असेच हसायचे, एका बाजूनं. मग खिडकीकडं हात करतात आणि तिथं खिडकी नसते.

भिंतींना आता बारीक भोकांच्या फळ्या आहेत, खाली जाड सतरंजी आहे, आणि दारावर लाल दिवा लागलाय. गार आहे. रेडिओचा स्टुडिओ. मी इथं कधी आलेली नाही, तरी पाण्याचा माठ कुठं आहे ते मला माहितीय. मी अजून कॉटवरच पडलीय, कॉट माइकच्या बाजूला आहे. काचेपलीकडं एक साहेब बसलाय. त्याला तोंड नाही, नुसता हात आहे. हात खाली पडतो.

आप्पा मरायला लागतात.

आधी राजा मरतो. मग क्षयाचा रोगी, मग गोळी लागलेला एक पोरगा, वीस वर्षांचा, आणि आप्पांचा आवाज खरोखर वीस वर्षांचा होतो. हातातला कागद जराही वाजत नाही. संपलेलं पान ते नुसतं सोडतात आणि पान सतरंजीवर बसतं, पाखरू बसल्यासारखं. शेवटाला आप्पा मान वळवतात आणि बोलता बोलता माइकपासून मागं जातात, एक पाऊल, आणखी एक, शेवटचा श्वास बाहेर सोडत. लांब, ओढत. ऐकताना वाटतं जीव अंगणातनं चाललाय, फाटकातनं गेला, रस्त्याला लागला. माझ्या मानेवर काटा येतो आणि मला त्याचा राग येतो.

"हे किती?"

"नऊ."

"बघ! बघ!"

"हे मेलेले नव्हेत, आप्पा. हे झाल्यावर तुम्ही चहा प्यायचात."

"मग?"

"म्हणून नऊ."

काचेपलीकडचा हात अंगठ्यानं बोटं मोजतोय, कंटाळल्यासारखा.

"चार का, ते सांगू?" मी उठून बसते. "तुम्ही त्या दिवशी मान वळवली नाही. आवाज लांब गेला नाही, होता तिथंच तुटला. आणि शेवटचा श्वास आत घेतलात. आत घेतलात आणि ठेवूनच दिलात. कुणी वाक्य सुरू करणार आणि तेवढ्यात रेडिओ बंद करावा, तसं. संपलं का नाही तेच कळेना. मी वाट बघितली. मग कंटाळा आला."

आप्पा खिशातला बोळा काढतात, बघतात, परत ठेवतात.

"तुझ्या आईनं काय केलं?"

"तुम्ही ऐकलंत की. हळू मरा म्हणाली."

"ऐकलं," ते म्हणतात. "माझ्या शेवटच्या कामाला मागं कुकर."

लाल दिवा विझतो.

अंधारात शेंगांच्या टरफलांचा वास येतो. मी खुर्चीत आहे, खुर्चीचं कापड फाटलंय आणि आतला काथ्या टोचतोय. थेटर भरलंय. आप्पा शेजारी बसलेत, इस्त्रीच्या शर्टात. हा त्यांचा एकुलता एक पिक्चर, कोल्हापूरला शूटिंग झालेला. ते यात गावच्या इनामदाराचं काम करतात, पहिल्याच भागात मरतात, आणि मरताना मुलांना इस्टेटीचं सांगतात. घरात ही गोष्ट कुणी काढायची नाही असा नियम होता, म्हणून मला ती पूर्ण पाठ आहे.

पडद्यावर पलंग दिसतो. उशी दिसते. मुलं रडतायत. कॅमेरा जवळ जातो, आणखी जवळ, आणि आप्पा रेडिओवर करायचे तेच करतात. मान वळवतात. आवाज लांब न्यायचा म्हणून कॅमेऱ्याकडं पाठ करून उशीत मागं मागं सरकतात. पडद्यावर राहतो एक कान. घराच्या दाराएवढा कान, त्यात केस, आणि कुठनंतरी आप्पांचा सुंदर आवाज येतोय.

"कुणी सांगितलं नाही तुम्हाला?" मी विचारते.

"सांगितलं. मी म्हटलं, करतो. हात खाली पडला आणि मान आपोआप वळली." आप्पा पडद्याकडं बघत नाहीत. "रीळ संपत आलं होतं. म्हणाले, असू दे, चालतंय. म्हातारा तर मरणारच आहे."

पुढच्या रांगेत रिबिनी बांधलेली एक मुलगी आहे. ती खी करून हसते. तिच्यामुळं शेजारचा हसतो, त्याच्यामुळं रांग, आणि मग सगळं थेटर. कुणीतरी ओरडतं, "अरे, कानात बोल की त्याच्या!"

आप्पा उठतात. खुर्च्यांमधनं, गुडघ्यांमधनं वाट काढत पुढं जातात, त्या मुलीला दंडाला धरून उभी करतात आणि तोंडात मारतात. आवाज बरोबर माइकसमोर मारल्यासारखा येतो. थेटर गप. मुलगी वळते आणि मला तिचं तोंड दिसतं. माझीच आई. नऊ-दहा वर्षांची, गाल लाल, ओठ घट्ट. ती रडत नाही. ती पडद्याकडं पाठ करते आणि म्हणते, "दहा, आप्पा. दहापैकी दहा."

आप्पा परत येऊन शेजारी बसतात. त्यांना धाप लागलीय, आणि ही धाप त्यांनी लावलेली नाही.

"पहिली ती हसली म्हणून मारलंत?"

"माझं रक्त हसलं म्हणून."

"मग घ्या की तिचे दहा आणि जावा उद्या."

"त्या दहाला काय किंमत आहे ते तुला माहितीय."

"माहितीय," मी म्हणते. "तुम्हीच केली ती किंमत."

असं बोलल्यावर जिवंतपणी ते ताट भिरकावायचे. आता नुसते माझ्याकडं बघतात. आणि बघता बघता त्यांच्या डोळ्यांत काहीतरी शिजायला लागतं. ते मला ओळखीचं आहे, मला पण असंच होतं. समोरच्याला आता कुठं दुखवता येईल ते दिसायला लागतं.

"चल," आप्पा म्हणतात.

खुर्च्यांखालची जमीन पिवळी होत जाते. माणसं जातात, छप्पर जातं, नुसतं ऊन राहतं आणि हळदीचा वास. आम्ही हरिपूरला पेवांजवळ उभे आहोत. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेली खोली, वरनं एक माणूस जाईल एवढंच तोंड. हळद त्यात भरून बुजवून टाकायचे, वर्षानुवर्षं किडत नसे. पेव उघडलं की आत हवा नसते, विष असतं. म्हणून आधी दिवा सोडून बघायचे. दिवा विझला तर कुणी उतरायचं नाही.

आप्पा दोरीनं कंदील सोडतात. कंदील थोडासा खाली जातो आणि विझतो.

"झकास," ते म्हणतात. "स्टुडिओ असा पाहिजे. बाहेरचं चिटपाखरू ऐकू येत नाही. उतर."

"मी का?"

"चार देणारीनं पाच तरी करून दाखवावं."

मला माहितीय हे मुद्दाम आहे. तरी मी उतरते. मला कुणी असं म्हटलं की मी उतरतेच, त्याच्यापायीच शाळा सुटली.

आत गार आहे. भिंतीला हात लावला की हात पिवळा होतो. वर आभाळाची एक गोल चकती, आणि चकतीत आप्पांचं डोकं. डोक्याशेजारी साहेबाचा हात. हात खाली पडतो.

मी कण्हते.

"खोटं!" आप्पांचा आवाज वरनं पडतो, धोंडा टाकल्यासारखा. "शेंबडं पोर रडतंय. परत."

मी परत करते.

"रडवेलं नको. मरणारा रडत नसतो."

"मग काय करतो?"

"त्याला राग आलेला असतो. सगळे आपापल्या उद्योगात आहेत आणि आपल्यालाच एकट्याला जावं लागतंय, याचा. तुझ्याकडं राग आहे ना? दुसरं आहे काय तुझ्याकडं? ना शिक्षण, ना रूप. तेवढाच आहे, तो काढ. परत!"

मी परत करते. घसा सोलवटतो.

"खडी! पत्र्यावर खडी! परत!"

"या की मग खाली!" मी ओरडते. "स्वतःला जमलं नाही आणि मला शिकवताय!"

"आता कसं!" आप्पा ओरडतात, आणि आवाजात आनंद आहे. "हे, हेच! आता श्वास सोड. सगळा सोड. आणखी. तळाचा पण सोड. रिकामी झालीस की मग आवाज काढ, आधी नाही."

मी सोडते. पोट पाठीला लागेपर्यंत सोडते. खरंच हवा नाहीय इथं, हे मला आता समजतं. बरगड्या आत येतायत. चकतीच्या कडा काळ्या व्हायला लागल्यात. पोटाच्या खालनं काहीतरी वर येतं, घशाला घासत, आणि तोंडातनं बाहेर पडतं. तो आवाज माझा नाही. आप्पांचा पण नाही. जनावराचा असावा असा आहे. तो भिंतींना लागून फिरून माझ्याच अंगावर येतो आणि मला त्याची भीती वाटते.

वरती डोकं आणखी वाकतं.

"हां," आप्पा म्हणतात. इतकं हळू की माइकलासुद्धा लागू नये. "आता श्वास आत घे."

मी घेते. हळदीची धूळ, अंधार, सगळं आत येतं आणि गळ्याशी थांबतं.

"आता वाक्य."

कुठलं वाक्य? मला विचारता येत नाही, मी नुसती वर बघते.

आप्पा माझ्याकडं बघतायत. तोंडावर काही लावलेलं नाही. राजा नाही, रोगी नाही, इनामदार नाही. दाढीचे खुंट वाढलेला एक म्हातारा.

"तेच तर झालं गं," ते म्हणतात. "श्वास घेतला मी. सवयीनं. वाक्याच्या आधी घेतात तसा. म्हटलं, आता वाक्य येईल. आणि कुणी लिहूनच दिलं नव्हतं."

ते दोन्ही रिकामे हात मला दाखवतात.

"जन्मभर कुणीतरी कागद हातात द्यायचं. त्या दिवशी हातात काहीच नाही. तू मोबाइलमधे, वैजू कुकरजवळ. दोघींना काहीतरी म्हणायला पाहिजे होतं खरं. शोधत होतो. तेवढ्यात तुझा आवाज आला. चार."

माझ्या छातीत घण पडतायत. मला आता द्यायचेत. सात द्यायचेत, आठ द्यायचेत, काय पाहिजे ते द्यायचेत. शब्द दातांपर्यंत आलाय. पण श्वास आत आहे आणि त्याला बाहेर पडायला जागाच नाही.

"किती?" वरनं आप्पा विचारतात.

मी तोंड उघडते.

"अगं, किती? सांग की! हात बघ, हात खाली पडायला लागलाय. तेजे!"

मी हात वर करते, बोटं दाखवायला. पिवळ्या हाताची पिवळी बोटं, पिवळ्या अंधारात. आप्पांना दिसत नाहीत. ते डोळे बारीक करून खाली बघतायत, चष्मा आम्ही त्यांच्याबरोबर जाळला.

"चारच ना?" ते म्हणतात. "असू दे. चारच."

साहेबाचा हात येतो आणि पेवाचं झाकण ओढतो. चकती अर्धी होते, कोर होते, जाते. वरनं काहीतरी छातीवर पडतं. माती असणार. परत पडतं. परत. जोरात.

छातीवर आईचे हात आहेत. ती एक गुडघा कॉटवर टेकून दोन्ही हातांनी मला बडवतीय आणि ओरडतीय, "तेजल! तेजे! श्वास घे! श्वास घे, भवाने!"

मला घ्यायचा नाहीय, सोडायचाय. तो सुटतो आणि मागनं खोकल्याची ढास लागते. मी कुशीवर वळते. लाळ गळते. पंखा गरागरा फिरतोय, लाइट आलीय.

आई थांबते. माझ्याकडं बघते, पापण्या बघते, ओठ बघते. खात्री झाल्यावर सणसणीत कानाखाली देते.

"कसली नाटकं करतीस?"

"झोपले होते."

"झोपलेलं माणूस असला आवाज काढतं होय गं? आतपर्यंत ऐकू आला मला. झारा टाकून पळत आले. बघते तर तोंड उघडं, छाती वर, आणि तशीच थांबलेली." तिचा आवाज फाटतो. ती माझ्या दंडाला धरून गदागदा हलवते, मी बसलेली असूनसुद्धा. "निळी पडली होतीस तू!"

"आप्पांसारखा वाटला आवाज?"

आई दंड सोडते. जिथं आप्पा बसले होते तिथं, पायाकडं, मटकन बसते. पदरानं तोंड पुसते.

"आप्पांचं कळायचं," ती म्हणते. "कितीही केलं तरी कळायचं, करतायत म्हणून. गेले त्या दिवशी पण मला वाटलं, करतायत. अजून खरं वाटत नाही मला ते. हे तसं नव्हतं." ती माझ्याकडं बघत नाही. "मला वाटलं, तू खरंच गेलीस."

खोलीत दुसरं कुणी नाही. तरी आप्पांच्या कॉटवर तिनं हे जरा हळू बोलायला पाहिजे होतं.

"काय बघतीस इकडंतिकडं?"

"काही नाही."

गळ्याच्या खाली टोचतंय. बोटानं चाचपते तर हाडाच्या वर काच रुतलीय, आईच्या हिरव्या बांगडीचा तुकडा. उशीवर आणखी दोन पडलेत. तिच्या डाव्या मनगटात एकच बांगडी उरलीय आणि तिला त्याचा पत्ताच नाही. मी काच ओढून काढते. मागनं रक्ताचा थेंब येतो आणि गळपट्टीत उतरतो.

स्वयंपाकघरातनं रवा करपल्याचा वास यायला लागलाय. धूर दारापर्यंत आलाय. आईला पण दिसतोय तो. ती उठत नाही.